अंगणातली झाडे आणि उन्हाळ्यातले पाणी

(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत. मंडळात माझे काम म्हणजे चैत्राच्या हळदीकुंकवाला पन्हे करणे आणि कार्यक्रमाच्या आधी सतरंज्या घालणे. पण गेल्या पावसाळ्यात आपल्यापैकी आठ-दहा जणींनी माझ्या अंगणातून कोरांटीच्या फांद्या नेल्या, तेव्हा चिटणीसबाई म्हणाल्या, “यंदा तुम्हीच बोला. अंगणात काय लावावे आणि काय लावू नये, एवढेच सांगा.” म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

काय लावू नये हे मला जास्त चांगले ठाऊक आहे, कारण ते सगळे मी लावून बसले होते. तेव्हा आधी माझी चूक सांगते.

२०२१ साली आम्ही जुने कौलारू घर उतरवून स्लॅबचे घर बांधले. जुन्या घरापुढे माझ्या सासूबाईंनी लावलेली वई होती. त्यात कोरांटी होती, अडुळसा होता, निर्गुडी होती आणि मधूनमधून पांगाऱ्याचे दांडे रोवलेले होते. मला ती वई रानटी वाटे. नवे घर, आणि पुढे हे झुडपांचे रान! गवंडी कामावर होतेच, त्यांच्याकडून एका दिवसात सगळे उपटून काढले. सासूबाई ओट्यावर बसून पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “अगो, मुळे खोल आहेत, जपून काढायला सांग, माणसांना लागेल.” झाडांबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

मग मी आपल्याच बचत गटातून आठ हजार रुपये कर्ज काढले. अर्जावर कारण लिहिले होते ‘घरदुरुस्ती’. दुरुस्ती कसली, त्या पैशांतून मी अंगणात लॉन आणली! कर्ज व्याजासकट फेडले आहे, पण अर्जातले खोटे आज सर्वांसमोर कबूल करते. लॉनबरोबर गुलाबाची सहा कलमे, निवडुंगाच्या चार कुंड्या आणि फाटकाशी लावायला दोन झाडे आणली. नर्सरीवाल्याने त्या झाडांचे नाव कोनोकार्पस असे सांगितले. दिवाळीत लावले, आणि नाताळापर्यंत आमचे अंगण चित्रासारखे दिसत होते. येणाराजाणारा फाटकाशी थांबून बघायचा. मला धन्यता वाटत होती.

मग उन्हाळा आला.

बाहेरगावची माणसे आपल्याला विचारतात, की तुमच्या रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, मग तुम्हाला टँकर कशाला लागतो? आपल्याला कारण माहीत आहे. तो सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो. खाली काळा कातळ, वर हातभर मुरूम, आणि जमीन उताराची. पाणी जिरायच्या आत ओढ्याला लागते आणि ओढ्यातून खाडीला जाते. पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते, पण ती घाटावरच्या पाण्याने. टाटांनी १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू केले. वळवण आणि शिरवट्याच्या तलावांचे पाणी नळांतून खाली उतरते, वीज करते आणि नदीला मिळते. नदीकाठच्या गावांना त्याचा आधार आहे. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांना नाही. त्यांच्या विहिरी होळीनंतर तळ दाखवू लागतात.

एप्रिल २०२२ मधली गोष्ट. माझ्या लॉनला रोज दहा-बारा कळशा पाणी लागत होते. नळ एक दिवसाआड येई, म्हणून आम्ही टँकर मागवून टाकी भरली होती. सकाळी मी पाईप धरून उभी होते. ठाकूरवाडीच्या एक मावशी दरवर्षी करवंदे घेऊन येतात, त्या फाटकाशी आल्या. टोपली उतरवली आणि म्हणाल्या, “बाय, पानी देतेस प्यायला?” मी पाईप तसाच चालू ठेवून आतून तांब्या आणला. त्या पाणी प्यायल्या आणि गवताकडे बघत राहिल्या. मग विचारले, “गुरं घेतलीस का गो?” मी म्हटले, “नाही मावशी, गुरे कुठली आता?” त्या म्हणाल्या, “मग हे गवत कोण खातं?”

त्यांनी टोमणा मारला नव्हता. त्यांना खरेच समजेना. नंतर बोलताबोलता कळले, की त्यांच्या वाडीची विहीर आटली होती, रात्री झऱ्यावर भांड्यांची रांग लावून बसावे लागे, आणि पाच माणसांच्या घराला दिवसाचे तीन हंडे मिळाले तर नशीब. मी मनात हिशेब केला. तीन घरांचे पाणी मी रोज सकाळी गवताला घालत होते आणि ते गवत कोणी खात नव्हते.

त्या दिवशी मी पाईप बंद केला. लॉन दहा दिवसांत पिवळी पडली आणि मेअखेर तिचा भुसा झाला. गुलाबही गेले. हळहळ वाटली, खोटे कशाला सांगू?

निवडुंग तेवढे ताजेतवाने होते. म्हटले, चला, पाण्यावाचून जगणारे झाड तेच खरे. पण आपला पाऊस सुरू झाला, आणि जुलैच्या मध्यापर्यंत चारही निवडुंग बुडातून कुजून आडवे झाले. ते बिचारे वाळवंटातले, आठ-आठ दिवसांची झड त्यांनी कधी पाहिलेली नाही.

राहिली फाटकाजवळची दोन झाडे. ती ना मे महिन्यात सुकली, ना जुलैत कुजली. हिरवीगार! पण वर्षभर मी पाहिले, त्यांच्यावर कधी एक घरटे नाही, मधमाशी नाही, पानाला साधे भोक नाही. पुढे २०२३ साली गुजरात सरकारने ही झाडे लावण्यास बंदी घातली असे बातम्यांत ऐकले. त्याच्या परागांनी सर्दी, खोकला व दमा होतो आणि मुळे गटारे व जमिनीखालच्या तारा बिघडवतात, असे कारण दिले होते. मग आमच्या घरच्यांनी ती तोडून टाकली.

भगिनींनो, एवढे पैसे घालवून मी तीन प्रश्न शिकले. अंगणात झाड लावण्यापूर्वी ते प्रश्न आपण प्रत्येकीने विचारावेत. पहिला, मे महिन्यात हे झाड माझ्या हंड्यातले पाणी मागेल का? दुसरा, जुलैत चार आठवडे पाय पाण्यात ठेवून हे उभे राहील का? आणि तिसरा, याचा उपयोग दुसऱ्या कोणत्या जिवाला होईल का? लॉन आणि गुलाब पहिल्या प्रश्नाला नापास झाले, निवडुंग दुसऱ्याला आणि कोनोकार्पस तिसऱ्याला.

तिन्ही प्रश्नांना पास होणारी झाडे शोधायला नर्सरीत जावे लागत नाही. आपल्या शेताच्या बांधावर, वाटेच्या कडेला, डोंगराच्या उतारावर जी आपोआप उगवतात आणि जी शेळी-गुरांतून वाचतात, ती पासच झालेली असतात. माझ्या सासूबाईंची वई तशीच होती, आणि मी ती उपटून काढली होती.

त्या पावसाळ्यात एकदा न्हाणीमागे राख टाकायला गेले, तर तिथे कोरांटीचे हातभर झुडूप दिसले. सासूबाईंना विचारले. म्हणाल्या, “तू वई काढलीस त्या दिवशी एक फांदी खोचली होती. माझ्या पूजेपुरती.” जून २०२३ मध्ये त्याच झुडपाच्या फांद्या कापून मी पुढच्या अंगणात लावल्या. आज तिथे तीस झुडपे आहेत. सासूबाई आज समोर बसल्या आहेत. आई, त्या दिवशी चूक माझी होती. हे मी घरात कधी बोलले नाही, म्हणून इथे बोलते.

आता माझ्या अंगणात काय काय आहे ते सांगते.

कडेला वई पुन्हा उभी केली. कोरांटी दसऱ्याच्या सुमारास फुलू लागते आणि थंडीभर देवाला फूल देते. तिला उन्हाळ्यात मी थेंबभरही पाणी घालत नाही. अडुळशाला शेळ्या तोंड लावत नाहीत, खोकल्याला पान हाताशी असते, आणि थंडीत त्याच्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्यांची गडबड असते. निर्गुडीची फांदी पावसात खोचली की जगते. पाने शेकायला होतात, आणि निळसर फुलांवर माश्या-भुंगे दिवसभर येतात. पांगाऱ्याचा दांडा तसाच रोवायचा. त्याचे काटे सांभाळावेत. पण माघ-फाल्गुनात पान झडून तो लालभडक फुलतो, तेव्हा साळुंक्या, बुलबुल, शिंजीर सगळे त्याच्यावर लोटतात.

वईच्या पुढच्या बाजूला करवंद. हे मला त्याच मावशींनी शिकवले. त्या म्हणाल्या, “करवंदं खाल्लीस की बी वाळू देऊ नको, पावसाच्या तोंडाला लगेच लाव. वाळलं की उगवत नाय.” माझ्या वीस बियांपैकी अकरा उगवल्या. अजून फळ धरलेले नाही, पण काट्यांमुळे मांजर आत शिरत नाही, म्हणून शिंप्याने तिथे पाने शिवून घरटे केले आहे.

लॉनच्या जागी दूर्वा लावल्या. उन्हाळ्यात त्या वाळतात, वाळू द्याव्यात. मुळे जिवंत असतात, आणि पहिल्या पावसाबरोबर अंगण पुन्हा हिरवे होते. आपल्या तालुक्यात महडचा वरदविनायक आहे, आणि दूर्वांची जुडी मात्र आपण बाजारातून विकत आणतो! गणपतीची पत्रीही तशीच. रुई, कण्हेर, तुळस, जाई, आघाडा ही पाने अंगणात असली तर चतुर्थीला पिशवी घेऊन धावावे लागत नाही. रुई आणि कण्हेर दोन्ही विषारी आहेत, हे मात्र लक्षात ठेवावे. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, आणि कण्हेर लहान मुलांच्या हाताला येईल अशी लावू नये.

ज्यांना ओलावा हवाच ती झाडे न्हाणी-मोरीच्या पाण्यावर ठेवली. केळ, कर्दळ आणि अळू. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी कढीपत्त्याला आणि अबोलीला जाते. ज्यांचे अंगण मोठे आहे त्यांनी एक बहावा जरूर लावावा. ऐन वैशाखात, आपण घामाने हैराण असताना, तो पाणी न मागता पिवळ्या घोसांनी लवून जातो. वड-उंबर मात्र घराजवळ नकोत, ते पाया उचलतात. त्यांची जागा गावाच्या वेशीवर.

म्हणजे परदेशातून आलेले सगळे वाईट असे माझे म्हणणे नाही. पेरू आणि पपई बाहेरूनच आलेली आहेत, आणि पोपट-बुलबुलांना ती आपल्याइतकीच आवडतात. उलट घाणेरी रानात पसरली आहे, तिच्यावर फुलपाखरे येतात म्हणून ती अंगणात लावली तर ती बाकीच्यांना जगू देत नाही. झाड कोठले यापेक्षा ते इथे येऊन कसे वागते ते पाहावे. सुनेला आपण तेच बघतो ना?

आता तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे अधिक सांगते, कारण तिथेही मी चुकले होते.

आमच्या अंगणात कोपऱ्याला लिंबाचे झाड आहे. त्याची पाने अळ्या खायच्या. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, मग मोठ्या होऊन हिरव्या. दिसल्या की मी औषधाचा फवारा मारी. २०२४ च्या पावसाळ्यात माझ्या मुलीला शाळेत पर्यावरणाचा प्रकल्प होता. तिने त्यातल्या दोन अळ्या लिंबाच्या डहाळीसकट बरणीत घातल्या, तोंडाला मलमलीचे फडके बांधले आणि मला बजावले, “आई, याला हात लावायचा नाही.” अळ्यांनी रोज ताजी पाने खाल्ली, मग कोश केले. पंधरा-एक दिवसांनी सकाळी मुलगी ओरडली म्हणून मी चुलीवरचे तसेच टाकून धावले. बरणीत वीतभर रुंदीचे काळे फुलपाखरू पंख वाळवत होते, आणि त्या पंखांवर निळे पट्टे. मुलीने पुस्तकात शोधले. त्याचे नाव नीलवंत. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने हेच आपले राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केले. आणि मी आजवर त्यांना औषध मारत होते.

तेव्हा समजले, की फुलपाखराला नुसते फूल पुरत नाही. त्याच्या पिलांना पान लागते, आणि तेही ठरावीक झाडाचे. लिंबू-कढीपत्त्यावर एक जात, रुईवर दुसरी, कण्हेरीवर तिसरी. कण्हेरीच्या पानाखाली चांदीच्या झुमक्यासारखे चकाकणारे कोश लटकतात, ते एकदा येऊन पाहा. रुईची पाने खाणारी अळी त्या विषानेच कडू होते, म्हणून पक्षी तिच्या नादी लागत नाहीत. पण बाकीच्या अळ्यांवर पक्ष्यांची पिले वाढतात. चिमणी दाणे खाते खरी, पण पिलांना ती किडे-अळ्याच भरवते. आपण फवारा मारतो आणि मग चिमण्या दिसत नाहीत म्हणून हळहळतो! लिंबाची चार पाने खाल्ली गेली तर झाड मरत नाही. माझ्या लिंबाला यंदाही लोणच्यापुरती लिंबे आलीच.

गेल्या माघात शिंजिराच्या जोडीने आमच्या कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला घरटे लटकवले. कोळ्याची जाळी, साल, कचरा, जे मिळेल ते जोडून केलेले. पिले उडून जाईपर्यंत त्या तारेवर आम्ही कपडे घातले नाहीत. घरचे कुरकुरले, पण सकाळी चहा घेऊन तेच खिडकीशी उभे राहत.

लावण्याची रीत सोपी आहे. मी दिवाळीत लावले ही पहिली चूक. रोप मृगाच्या पावसात लावावे, म्हणजे चार महिन्यांत मूळ खोल जाते. पाणी साचणाऱ्या जागी मातीचा उंचवटा करून त्यावर लावावे. पहिल्या उन्हाळ्यापुरते पाणी लागते. त्यासाठी फुटका-गळका माठ फेकू नये. बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुताची वात घालावी, रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावा, आठवड्यातून दोनदा भरावा आणि झाकण ठेवावे. पाणी थेट मुळाशी झिरपते, उन्हाने उडून जात नाही. पहिल्या उन्हाळ्यात सगळ्या रोपांना मिळून मला आठवड्याला सात-आठ हंडे लागले. दुसऱ्या उन्हाळ्यापासून वाया जाणारे पाणी सोडून काही घातले नाही.

आणि पालापाचोळा जाळू नये. झाडांच्या बुंध्याशी वीतभर जाडीने पसरावा. ओल टिकते, आणि सातभाई येऊन दिवसभर तो उलथापालथा करून किडे खातात. त्यांची भांडणे ऐकून आपल्या मंडळाच्या सभेची आठवण होते, हे सर्वांनी हसून घ्यावे.

मला दोन शंका नेहमी विचारतात. पहिली सापाची. साप झाडाला येत नाही, उंदरांना येतो. खरकटे आणि धान्याचा कचरा अंगणात टाकू नये, वईचे खालचे हातभर बूड छाटून मोकळे ठेवावे, आणि दारालगत दाट झुडूप लावू नये. दुसरी डासांची. पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी पसरट भांड्यात असावे आणि रोज बदलावे, म्हणजे डास होत नाहीत. कुंड्यांखालच्या बशा मात्र ओतून टाकाव्यात.

आता शेवटचे सांगते. आपल्या तालुक्यात नवी घरे होत आहेत, शेतघरे होत आहेत, आणि अंगणात पेव्हर ब्लॉक नाहीतर लॉन एवढेच दिसू लागले आहे. एका अंगांला माथेरान, प्रबळ आणि इर्शाळचे डोंगर, दुसऱ्या अंगाला राजमाचीचा घाट. मधे रस्ते, कारखाने आणि आपण. या डोंगरावरून त्या डोंगरावर जाणाऱ्या पाखराला मधे विसावायला आपली अंगणेच आहेत.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण प्लास्टिकचे डबे लुटतो. प्रत्येकीच्या घरी ते आता रचून ठेवण्याइतके झाले आहेत. त्याऐवजी येत्या पावसात प्रत्येकीने आपल्या वईतल्या चार फांद्या पिशवीत लावाव्यात, आणि संक्रांतीला तीच रोपे वाण म्हणून द्यावीत. घेणारीने ती मृगापर्यंत सावलीत सांभाळावीत. खर्च काही नाही, आणि त्यासाठी कोणाला घरदुरुस्तीचे कर्ज काढावे लागणार नाही.

लॉन गेल्यापासून आमच्याकडचा उन्हाळ्यातला टँकर अर्ध्यावर आला आहे. एप्रिल-मे महिन्यांत आम्ही एक पिंप भरून फाटकाशी ठेवतो. बाजाराला येणाऱ्या वाडीच्या बायका जाताना त्यातून कळशी भरून नेतात. त्या मावशी गेल्या वर्षी आल्या तेव्हा अंगणभर नजर फिरवून म्हणाल्या, “आता बरं दिसतं.” मला त्या आठ हजारांच्या लॉनपेक्षा या तीन शब्दांचा जास्त आनंद झाला.

कोरांटीच्या फांद्या मी आज सोबत आणल्या आहेत. दाराशी बादलीत ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकीने दोन-दोन घेऊन जाव्यात.